टपावरचं इंटरनेट

वाहनांत नेटवर्क बसवणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे ओळखीपाळखीत एक प्रश्न ठरलेला असतो: ‘बसमध्ये वायफायच्या सगळ्या कांड्या दिसतात, मग नेट का चालत नाही?’ कांड्या खोट्या नसतात. पण त्या सांगतात ते फक्त तुमचा मोबाइल आणि गाडीतला राऊटर यांच्यातल्या आठ-दहा मीटरबद्दल. त्या राऊटरच्या पोटात तुमच्याआमच्यासारखंच सिमकार्ड असतं आणि टपावरच्या अँटेनातून तो वाटेतले टॉवर धरत-सोडत पळत असतो. पत्र्याच्या आत बसलेल्या मोबाइलपेक्षा टपावर रेंज बरी मिळते, हे खरं. तरी बोरघाटातल्या बोगद्यांपुढे तिचंही काही चालत नाही.

घाट मात्र थोड्या वेळात संपतो. कायमची अडचण गाडीच्या आत असते. वाड्याला एकच नळ असावा, तसं चाळीस-पन्नास माणसांना हे एक सिम. त्यात मोबाइलचा स्वभाव असा की वायफाय दिसलं की त्याला घरी आल्यासारखं वाटतं. दिवसभर खोळंबलेले अ‍ॅप-अपडेट, फोटोंचा बॅकअप, ग्रुपवरचे व्हिडिओ, सगळं तो गुपचूप सुरू करतो. मालक खिडकीला डोकं टेकून झोपलेला असतो. लग्नाहून परतणारं वऱ्हाड गाडीत असलं, तर बाकीच्यांनी नेटची आशा सोडावी.

यावर उपाय आहेत. प्रत्येक मोबाइलला वेगाची मर्यादा घालता येते, अपडेट अडवता येतात. अँड्रॉइड मोबाइलला तर जोडणी देतानाच ‘हे नेट मोजून मिळतंय’ असं राऊटर कळवू शकतो, मग मोबाइल बरंचसं आवरतं घेतो. पण ही मांडणी करायला अर्धा दिवस जातो आणि तो अर्धा दिवस कुणाच्या बिलात धरलेला नसतो.

एसटीने २०१६-१७च्या सुमारास वेगळी वाट धरली होती. गाडीतल्या वायफायच्या डब्यातच सिनेमे, गाणी, मालिका भरून ठेवायच्या आणि वायफायवरून दाखवायच्या. बाहेरच्या इंटरनेटशी संबंध नाही. ‘हे कसलं वायफाय, व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा उघडत नाही!’ म्हणून लोक वैतागले, पण माझ्या मते तंत्र म्हणून ती कल्पना शहाणी होती: घाटात सिनेमा अडकत नव्हता. वेळ मात्र चुकली. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि सिनेमा प्रत्येकाच्या खिशात पोचला. रेल्वे स्थानकांवरही तेच झालं. जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रलपासून रेल्वेच्या रेलटेल कंपनीबरोबर मोफत वायफाय सुरू करणाऱ्या गुगलने फेब्रुवारी २०२०मध्ये त्यातून बाहेर पडण्याचं जाहीर केलं, तेव्हा स्वस्त झालेला डेटा हे एक कारण दिलं होतं.

मग आज बसमधलं वायफाय हवंय कुणाला? दिवसाचा पॅक संपलेल्या कॉलेजच्या पोराला. त्यालाही आधी ओटीपी लागतो. सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे, आणि ओटीपी येतो मोबाइलच्या रेंजवरून. म्हणजे ज्याला रेंज नाही म्हणून वायफाय हवं, त्याला वायफायसाठीच रेंज हवी!

सुरक्षेची भीती आता पूर्वीइतकी उरलेली नाही. २०१०मध्ये ‘फायरशीप’ नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅमने दाखवलं होतं की उघड्या वायफायवर शेजारचा माणूस तुमच्या फेसबुकात शिरू शकतो. त्यानंतर बहुतेक संकेतस्थळं सगळा मजकूर कुलूपबंद पाठवू लागली. सावध राहायचं ते बसच्या नावाचं खोटं वायफाय काढून बसलेल्यापासून. लॉगिनच्या पानाने बँकेचा तपशील मागितला किंवा एखादं अ‍ॅप टाकायला सांगितलं, की सरळ बाहेर पडावं.

माझं मत विचाराल तर बसने व्हिडिओचा नाद सोडावा. निरोप, नकाशा, तिकीट एवढ्यापुरतं थोडं पण सगळ्यांना चालेल असं नेट द्यावं. शिवाय राऊटरमध्ये बहुधा जीपीएस असतंच. गाडी कुठे आली, पुढचा थांबा कोणता, उशीर किती, हे त्या डब्यातूनच दाखवता येतं. त्याला बाहेरचं नेटही फारसं लागत नाही.

आणि हे सांभाळणार कोण, ते आधी ठरवावं. टायर, ऑइल, ब्रेक बघायला डेपोत माणसं असतात. बंद पडलेल्या राऊटरची तक्रार मात्र कंडक्टरकडे जाते, आणि तो बिचारा डबा कुठे आहे तेच शोधत बसतो. म्हणून हल्ली कुणी सल्ला विचारला, तर निविदेत राऊटरच्या किमतीआधी दुरुस्तीला येणाऱ्या माणसाच्या पगाराची ओळ घाला, असं मी सांगतो. बहुतेक बैठकांत पहिली कात्री त्याच ओळीला लागते.