भांडी नंतर, आधी आत्याबाई

यवतमाळ,
14 एप्रिल

प्रिय सुमा,


फुलसावंगीचं घर सोडून मे महिन्यात नागपूरला जायचं पक्कं झालं, हे वाचून बरं वाटलं. आवराआवर कुठून सुरू करू, असं तू विचारलंस. भांड्यांपासून करू नकोस, आत्याबाईंपासून कर. तुमचं घर बदलतंय. त्यांचं मात्र शेजारणी, अंगण, वावराची वाट सगळंच सुटतंय.

त्यांचं सामान त्यांच्यासमोर बांध. लुगड्यांची बोचकी, देव्हाऱ्यातले टाक, पितळी डबे, यातलं काय न्यायचं आणि काय कुणाला द्यायचं ते त्यांनाच ठरवू दे. जात्याला फ्लॅटमध्ये जागा नसेल, पण 'टाकून देऊ' हे शब्द त्यांच्यापुढे काढू नकोस. जातं कुणाच्या घरी जावं, हे त्याच सांगतील. नव्या घरात सगळ्यात आधी त्यांची खाट लागली पाहिजे. आता त्या ज्या बाजूने उतरतात, तीच बाजू मोकळी ठेव. खाटेपासून संडासापर्यंत रात्री दिवा असू दे आणि त्या वाटेत एकही खोकं नको. नव्या जागी अंधारात चाचपडताना म्हातारं माणूस पडायला वेळ लागत नाही, आणि त्या वयात मोडलेलं हाड लवकर जुळत नाही.

त्यांचं इन्सुलिन ट्रकमध्ये चढवू नकोस, स्वतःजवळ ठेव. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि उभ्या गाडीत त्याहून जास्त तापतं. इन्सुलिन तापलं तरी वाया जातं, गोठलं तरी वाया जातं. म्हणून बाटली फडक्यात गुंडाळून थर्मासमध्ये ठेव, बर्फ तिला टेकू देऊ नकोस. तिथे फ्रीज सुरू व्हायला वेळ लागला, तर मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडकं बसव आणि बाटली त्यात झाकून ठेव. शक्यतो पहाटेच निघा, म्हणजे ऊन चढायच्या आत बरीच वाट सरेल.

ज्वारीला आणि डाळीला कडक ऊन दाखवून, गार झाल्यावरच भर. एका पोत्यातले सोंडे नव्या घरातल्या सगळ्या डब्यांत पसरतात.

कागदांचं फार टेन्शन घेऊ नकोस. रेशनकार्ड लगेच बदललं नाही तरी 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे नागपुरातल्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं. गॅसचं सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून पावती घे, तिच्यावर तिकडे जोडणी मिळेल. मतदार यादीतला पत्ता बदलायला 8 नंबरचा अर्ज लागतो. पोरगी सहावीत जाणार, तिचा शाळा सोडल्याचा दाखला सुट्टी लागायच्या आत माग. सरकारी किंवा अनुदानित शाळेला दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात तसं स्पष्ट लिहिलंय. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे हाताशी वेळ आहे.

तो वेळ आत्याबाईंना दे. रोज संध्याकाळी एकेका घरी भेटायला ने. निरोप एका दिवसात उरकू नकोस, त्यांना बसू दे, बोलू दे, रडूही दे. शेजारणींचे फोन नंबर वहीत मोठ्या अक्षरात लिहून घे, म्हणजे नागपुरात तुझी वाट न पाहता त्या स्वतः फोन लावतील.

गाडीची तारीख ठरली की कळव. मी आधीच येऊन राहते, भांडी आपण दोघी मिळून बांधू.

तुझी,
ताई