मनूला दिल्लीला पाठवण्याआधी

ती. अक्का,


तुझं पत्र मिळालं. मनूने यूपीएससीसाठी दिल्लीला यायचं पक्कं केलं हे वाचून आनंद झाला आणि पोटात गोळाही आला. खोली कुठे घ्यावी आणि शहर कसं आहे, हे तू विचारलंस. खोलीचं शेवटी लिहिते. आधी शहराचं लिहू दे, कारण इतकी वर्षं इथे राहून जे साठलंय ते फोनवर बोलता येत नाही.

टीव्हीवर दिसणारी दिल्ली, म्हणजे संसद, कर्तव्यपथ, मंत्र्यांचे बंगले, फार लहान आहे. नवी दिल्ली नगरपालिका परिषदेचा भाग जेमतेम 43 चौरस किलोमीटरचा. सगळी दिल्ली मात्र 1,483 चौरस किलोमीटर पसरलेली. तो लहानसा भाग सुंदर आहे, हे मी मनापासून सांगते. इंग्रजांनी रस्ते आखताना प्रत्येक रस्त्याला ठरवून झाडं लावली. अकबर रोडला चिंचा, अशोक रोडला जांभळं. पहिला पाऊस झाला की अशोक रोडवर चौघं जण एक मोठं कापड चारी टोकांनी ताणून झाडाखाली उभे राहतात, पाचवा वर चढून फांदी हलवतो आणि जांभळं कापडात टपटपतात. खाली पडून चिरडलेल्या फळांनी फुटपाथ जांभळा होतो. तिथेच टोपली मांडून मीठ-मसाला लावलेली जांभळं विकतात. मनूला पहिल्या पावसाळ्यात मी तिथे नेणार आहे.

पण ती राहणार आहे उरलेल्या दिल्लीत, आणि तिथे एक प्रश्न रोज भेटतो: हे काम कुणाचं? 1991 च्या 69 व्या घटनादुरुस्तीने दिल्लीला विधानसभा मिळाली, 70 आमदारांची. पण पोलीस, कायदा-सुव्यवस्था आणि जमीन केंद्राकडेच राहिली. वर नायब राज्यपाल. खाली 250 प्रभागांची महानगरपालिका, शिवाय ती वेगळी नगरपालिका परिषद आणि छावणी मंडळ. जमिनीचं दिल्ली विकास प्राधिकरण (डीडीए) बघणार, पाण्याचं जल बोर्ड. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की अधिकाऱ्यांच्या बदल्या-नेमणुकांवर निवडून आलेल्या सरकारचा अधिकार आहे. आठ दिवसांत केंद्राने अध्यादेश काढून तो अधिकार काढून घेतला आणि ऑगस्टमध्ये तसा कायदाही झाला. कोणता पक्ष बरोबर, यावर आमच्या सोसायटीत आजही भांडणं होतात. मला त्या भांडणात रस नाही. आमच्या गल्लीतला नाला तुंबला की मी तक्रार घेऊन जाते, आणि पहिल्या खिडकीवर मला विचारतात, हा नाला आमच्याकडे येतो का ते आधी बघून या. दुसऱ्या खिडकीवरही तेच. तोवर घाण पाणी तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरात शिरलेलं असतं. अधिकार कुणाकडे असावेत यावर न्यायालयात वर्षानुवर्षं युक्तिवाद होतो. जबाबदारी मागायला मात्र क्वचितच कुणी न्यायालयात जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

हे नुसत्या गैरसोयीवर थांबत नाही. 27 जुलै 2024 च्या संध्याकाळी जुन्या राजेंद्र नगरमध्ये जोराचा पाऊस झाला. रस्त्यावरचं पाणी एका कोचिंग क्लासच्या तळघरात घुसलं. तिथे मुलांची अभ्यासिका होती. त्या तळघराला परवानगी होती ती सामान आणि गाड्या ठेवण्यापुरती. तीन मुलं बुडून गेली. देशाची सेवा करायची म्हणून, लांबलांबच्या गावांतून आलेली मुलं! नाला साफ का झाला नव्हता, तळघरात वर्ग कुणाच्या डोळ्यांदेखत भरत होता, यावर दुसऱ्या दिवसापासून एकमेकांकडे बोटं दाखवणं सुरू झालं. शेवटी उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. पाणी घुसलं त्या रात्रीपासून जाब विचारत रस्त्यावर बसलेल्या मुलांमध्ये मराठी मुलंही होती, कारण राजेंद्र नगर आणि मुखर्जी नगरमध्ये आपल्याकडची मुलं खूप. आदल्याच वर्षी, जून 2023 मध्ये, मुखर्जी नगरच्या एका क्लासच्या इमारतीला आग लागली तेव्हा मुलं खिडकीतून वायरींना लोंबकळत खाली उतरली होती. तो व्हिडिओ तूही पाहिला असशील.

आता हवेबद्दल. दिवाळीच्या सुमारास हवेचा निर्देशांक चारशेच्या वर गेला की निर्बंधांचा तिसरा टप्पा लागतो आणि बरीचशी बांधकामं बंद होतात. धूळ कमी व्हायला हवी, त्यामुळे बंदी योग्यच. पण आमच्या घराजवळ लेबर चौक आहे. पहाटे सहाला तिथे दीडदोनशे माणसं उभी असतात. गवंड्यांच्या हातात थापी आणि ओळंबा, रंगाऱ्यांच्या पिशवीतून ब्रश डोकावत असतात, बायका डोक्यावर घमेलं उलटं धरून बसलेल्या. बंदीच्या दिवसांतही ही माणसं येतात. धुक्यात आठ वाजेपर्यंत, नऊ वाजेपर्यंत थांबतात, आणि कुणी ठेकेदार आला नाही की डबा तसाच उचलून परत जातात. बुंदेलखंडातून आलेला एक रंगारी मला म्हणाला, “हवा खराब की आमच्या घरातली चूल बंद.” बंदीच्या काळात मजुरांना भत्ता द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये बजावलं. भत्ता मिळतो तो नोंदणी झालेल्यांना. चौकात उभ्या असलेल्या किती जणांची नोंदणी आहे हे विचारून बघ, बहुतेक जण नुसतेच हसतात. मोठ्या गाड्या, कारखाने, शेजारच्या राज्यांत जाळतात ती पिकांची धसकटं म्हणजे पराली, सगळ्यांचा धूर एकाच हवेत, पण रोजी बुडते ती ज्याच्या घरात हवा शुद्ध करायचं यंत्र नाही त्याची. हा अन्याय आहे, अक्का. याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

एवढं सगळं असून मी इथून का हलत नाही, असं तू विचारशील. चांगल्या गोष्टीही इथेच पाहिल्या. 2019 च्या भाऊबीजेला दिल्लीच्या बसमध्ये बायकांना तिकीट माफ झालं. लोकांनी त्याला ‘रेवडी’, म्हणजे फुकटची खिरापत, म्हणून नावं ठेवली. पण त्यानंतर सकाळच्या बसमध्ये मला धुणीभांडी करणाऱ्या बायका दिसायला लागल्या. त्या आधी दोन-दोन स्टॉप पायी जायच्या. आता त्या लांबची, जास्त पगाराची कामं धरतात. माझ्या मते सरकारने केलेला तो अतिशय शहाणा खर्च आहे. मंडी हाउसला हिवाळ्यात नाटकं, गाणं, व्याख्यानं यांची रेलचेल असते, आणि बरंचसं फुकट. राष्ट्रीय नाट्य विद्यालय ज्यांनी घडवलं ते इब्राहिम अल्काझी पुण्यात जन्मलेले. 1963 मध्ये त्यांनी ‘अंधा युग’ फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींमध्ये उभं केलं. मनूने अभ्यासातून वेळ काढून तो कोटला बघावाच. आणि जंतरमंतर. 2017 मध्ये तिथे निदर्शनांना बंदी झाली होती, दुसऱ्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातला माणूस तिथे फलक घेऊन बसू शकतो. अधिकारी व्हायचं असेल तर एक दिवस तिथे जाऊन त्या माणसांचं ऐकणं, हा अभ्यासाचाच भाग आहे असं मी मानते.

इथल्या मराठीचं म्हणशील, तर फेब्रुवारी 2025 मध्ये तालकटोरा स्टेडियमवर 98 वं मराठी साहित्य संमेलन झालं, तारा भवाळकर अध्यक्ष होत्या. त्याआधीचं दिल्लीचं संमेलन 1954 चं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखालचं. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळालेला, त्यामुळे वातावरण भारलेलं होतं. मी डोळे भरून ऐकलं. पण इथे जन्मलेली आमची मुलं मराठी बोलतात, वाचत नाहीत, आणि त्यांच्या हाती पुस्तक देणं हे कुणा खात्याचं नव्हे, आमचं काम. म्हणून दर रविवारी शेजारची चार-पाच पोरं माझ्याकडे वाचायला येतात. मनू आली तर तिलाही या कामाला जुंपणार.

आता खोलीचं. राजेंद्र नगरमध्ये भाडं जास्त आहे, पण क्लास पायी अंतरावर. थोडं लांब चालणार असेल तर मेट्रोच्या ब्लू लाइनवर पटेल नगर, शादीपूरकडे बघू. खोली पाहायला मी स्वतः जाईन. जिना एकच असेल, खिडकीला आतून न उघडणारी जाळी असेल, तर ती नको. अभ्यासिका तळघरात असेल तर कितीही स्वस्त असो, पैसे भरायचे नाहीत. ऑक्टोबर ते जानेवारी चांगला मास्क हवा, तो मी इथूनच घेऊन ठेवते. तिचा लहानपणीचा दमा अजून उचल खातो का, ते मला नक्की कळव. त्यावर कोणत्या महिन्यात पाठवायचं ते ठरवू.

भावजींना नमस्कार, मनूला आशीर्वाद.

तुझी,
धाकटी