अठरा तास एक दिवस की एक तास रोज?

१४ एप्रिल जवळ आला की गावोगावी महाविद्यालयांत, ग्रंथालयांत आणि आपल्या विहारांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम घेतला जातो. डीजेवर पैसे उधळण्यापेक्षा हा उपक्रम शंभर पटींनी चांगला, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. सकाळी सहाला मुले-मुली वह्या-पुस्तके घेऊन बसतात आणि रात्री बाराला उठतात. वस्तीतल्या भगिनी त्यांच्यासाठी चहा, पोहे, जेवण घेऊन येतात. मुलांचे डोळे तांबारलेले असतात, पण चेहऱ्यावर समाधान असते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर फोटो फिरतात.

आमची काळजी १५ एप्रिलची नाही, १५ जूनची आहे.

आमच्या वस्तीत विहाराच्या वरच्या खोलीत आम्ही आणि आमचे काही सहकारी अभ्यासिका चालवतो. दोन पंखे, चार ट्यूबलाईट, सतरंज्या आणि वर्गणीतून घेतलेली बारा टेबले, एवढाच संसार. आम्ही पेशाने कारकून. नोंद ठेवल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही, म्हणून तेथेही हजेरीचे रजिस्टर ठेवले आहे. एप्रिलमध्ये एका दिवसाला दोन पाने लागतात. जूनमध्ये अर्धे पान पुरते. दिवाळीनंतर जी नावे उरतात ती तीच ती. आणि नवल असे की, या उरलेल्यांत एप्रिलमध्ये अठरा तास बैठक मारलेले फार थोडे. उरतात ते रोज मुकाट्याने तास-दीड तास येऊन बसणारे.

आमचे शिक्षण बी.कॉम.चे, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. रोज एक तास म्हणजे वर्षाचे ३६५ तास. अठरा तासांचे २० दिवस भरून वर ५ तास शिल्लक. आठवड्याची एक सुट्टी वजा केली तरी ३१३ तास होतात, म्हणजे अठरा तासांचे १७ दिवस आणि वर ७ तास. हा उपक्रम वर्षातून सतरा वेळा कोणी घेईल काय?

मग मुले गळतात का? वडीलधारी मंडळी म्हणतात, आजकालच्या पोरांत जिद्दच नाही. हे आम्हाला पटत नाही. जिद्द नसती तर ती एप्रिलमध्ये तरी आली असती काय? जी मुले यायची थांबली, त्यांच्या घरी आम्ही जाऊन पाहिले आहे. दहा बाय बाराची खोली, सहा माणसे, एक टीव्ही. नळाला पाणी पहाटे पाच ते साडेपाच. हंडे भरायला हाच मुलगा किंवा हीच मुलगी. त्यानंतर धाकट्यांचे डबे, आजीचे औषध, रेशनची रांग. ध्येय मुलाच्या डोक्यात असते, पण त्यासाठी लागणारा तास घराच्या ताब्यात असतो. घराने तो काढून दिला नाही, तर डोक्यातले ध्येय नुसते डोकेदुखी होऊन बसते.

बाबासाहेबांच्या अभ्यासाचे दाखले आपण सारेच देतो. त्यातला एक दाखला मात्र आपण घाईने वाचून पुढे जातो. परळच्या डबक चाळीत एकाच खोलीत सारे कुटुंब राहत होते. भीमराव शाळकरी होते. त्या गर्दीत अभ्यास कसा व्हावा? म्हणून रामजीबाबा त्यांना लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे आणि मग मुलाला उठवून दिव्यासमोर अभ्यासाला बसवायचे. हे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पहाटे अभ्यास करणाऱ्या मुलाचे आपण पोवाडे गातो, ते रास्तच आहे. पण त्या आधी कोणीतरी रात्रभर जागत होते, ही गोष्ट आपल्या किती घरांत सांगितली जाते?

पुढे १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळी वर्ग भरवले गेले. गरिबांच्या मुलांना नुसते ‘जिद्द धरा’ म्हणून भागत नाही, घड्याळाचीही व्यवस्था लावावी लागते. आम्ही स्वतः बी.कॉम. झालो ते असेच सकाळचे वर्ग करून, तेथून थेट कामावर जाऊन. ती वेळ सोयीची नसती, तर आमची जिद्द पहिल्या वर्षातच आटली असती याची आम्हाला खात्री आहे.

आमच्या अभ्यासिकेत एक भगिनी येतात. शाळेत पोषण आहार शिजवण्याचे काम करतात. शाळा आठवीतच सुटलेली. आता पस्तिशी उलटल्यावर त्यांनी दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरला. त्यांचे यजमान रिक्षा चालवतात. ते प्रथम म्हणाले, “या वयात काय कलेक्टर होणार का?” ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी एवढेच ठरवले की, दुपारी तीन ते चार हा तास आपला. शाळेतला स्वयंपाक आटोपलेला असतो आणि घरचा सुरू व्हायचा असतो. या तासात कोणी पाणी मागायचे नाही, चहा मागायचा नाही. त्यांच्या मुलीने दारावर कागदच चिकटवला : ‘३ ते ४ चहा मिळणार नाही.’ आठ दिवस घरात हसाहस झाली. महिन्याभराने यजमान स्वतःचा चहा स्वतः करू लागले, आणि बायकोच्या चहापेक्षा तो बरा होतो असेही सांगू लागले.

ताईंना बीजगणिताची धास्ती. पण रोज तांदूळ किती आला, किती शिजला, किती उरला हा हिशेब त्या बिनचूक सांगतात. आम्ही तेथूनच सुरुवात केली. उरलेल्या तांदळाला ‘क्ष’ म्हटले, इतकेच. पहिले समीकरण सुटले तेव्हा त्या म्हणाल्या, “एवढंच होय? मग इतकी वर्षं घाबरवलं कशाला?” याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

आता सातत्याविषयी. कचेरीत काम करणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. टेबलावर जुन्या फायलींचा ढीग साचला की नवखा कारकून घाबरून ढिगालाच हात घालतो. तो दिवसभर उपसत बसतो आणि तेवढ्यात आजचे टपालही साचते. मुरलेला कारकून आजचे टपाल आज आवकमध्ये चढवतो, आजचे उत्तर आज पाठवतो आणि ढिगातली एकच फाईल रोज खाली काढतो. अभ्यासाचे तसेच आहे. चार दिवस चुकले म्हणजे पाचव्या दिवशी पाच तास बसू, असे जो म्हणतो तो सहाव्या दिवशी येत नाही, हे आम्ही रजिस्टरावरून सांगतो. चुकलेले दिवस सोडून द्यावेत आणि आजचा तास करावा. आणि उठताना उद्या कोठून सुरू करायचे ते पानावर लिहून ठेवावे. पहिली दहा मिनिटे ‘काय वाचू’ यातच जातात आणि तेवढ्यात हात मोबाईलकडे वळतो.

मोबाईलविषयी अधिक लिहीत नाही, त्यावर घरोघरी रोजच भांडणे होतात. फक्त एक निरीक्षण. काही मुले अभ्यासाऐवजी अभ्यासाची स्फूर्ती देणारी भाषणे ऐकत बसतात. एक संपले की दुसरे. जयंतीच्या व्यासपीठावर भाषणे आम्हीही करतो, त्यामुळे भाषणाने काय होते हे आम्हाला ठाऊक आहे. रक्त तापते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत निवते.

आमच्याकडचा एक तरुण तीन वर्षे राज्यसेवेची तयारी करत होता. वडील वॉचमन. मागच्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारे गेले आणि घरातली मिळकत थांबली. मुलाने भिवंडीच्या गोदामात पार्सल लावण्याचे काम धरले. वस्तीत लगेच बोलबाला झाला, संपला याचा अभ्यास. तो आम्हाला भेटला तेव्हा खाली मान घालून म्हणाला, “दादा, माझं टेबल दुसऱ्या कोणाला द्या.”

आम्ही त्याला १९१७ ची गोष्ट सांगितली. बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. पण येताना त्यांनी एक काम केले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. मग येथे नोकरी केली, सिडनहॅम महाविद्यालयात शिकवले, पैसा साठवला. शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. मधली तीन वर्षे कोणी ‘संपला अभ्यास’ म्हणाले असेलही. परवानगीचा कागद मात्र त्यांच्यापाशी होता.

“तुझं टेबल हाच तुझा कागद,” आम्ही म्हणालो. टेबल त्याच्याच नावावर राहिले.

आता तो आधी लिपिक पदाची परीक्षा देणार आहे, राज्यसेवा नंतर. हे आम्हाला योग्य वाटते. राज्याच्या नोकरभरतीत मागासवर्गीयांसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ४३ आहे म्हणून काही मुले निर्धास्त राहतात. पण मुदत लांब असली म्हणून आईबापांच्या हातापायांची ताकद तेवढी लांबत नाही. हाती एक पगार असला की पुढच्या परीक्षेला बसताना पोट ओरडत नाही. पालकांनीही ‘अजून लागला नाही का’ हा प्रश्न शेजाऱ्यांवर सोडून द्यावा. तो विचारायला ते समर्थ आहेत. घराने आपल्या मुलाचा, मुलीचा, सुनेचा तास कोणता ते एकदा बसून ठरवावे, आणि त्या तासाला हंडा कोण उचलणार तेही ठरवावे.

भिवंडीच्या बसमध्ये त्याला उभ्याने जावे लागते, पुस्तक उघडता येत नाही. म्हणून रविवारी रात्री तो चालू घडामोडींच्या टिपणांचे स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रण करून ठेवतो आणि आठवडाभर जाता-येता ऐकतो. गुरुवारी त्याची सुट्टी. मागच्या गुरुवारी रजिस्टरात त्याची वेळ सकाळी साडेसहा ते साडेदहा अशी पडली आहे. अकराला त्याला वडिलांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचे होते.