कच्छच्या माळावरील गुग्गुळ

भुजहून नखत्राण्याकडे निघाले की खडकाळ, उजाड माळ लागतो. अशा माळांवर माणसाच्या उंचीचे एक काटेरी झुडूप आढळते. वर्षातील बराच काळ ते निष्पर्ण असते आणि त्याची साल कागदासारखी सुटते. हाच गुग्गुळ. आपल्या घरच्या धुपातील आणि वैद्यांच्या गोळ्यांतील सुगंधी डिंक याच खोडातून स्रवतो.

सुश्रुतसंहितेतील मेदरोगाच्या वर्णनाचा धागा धरून जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गुग्गुळावर प्रबंध लिहिला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्याचा अर्क सिद्ध झाला आणि कोलेस्टेरॉलवरील औषध म्हणून बाजारात आला. मात्र २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, १०३ व्यक्तींना आठ आठवडे तपासले असता, अर्क घेणाऱ्यांचे अपायकारक कोलेस्टेरॉल उलट किंचित वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले.

इकडे झुडपाची अवस्था बिकट आहे. डिंक देण्याजोगे होण्यास त्याला आठ-दहा वर्षे लागतात. अधिक डिंकाच्या हव्यासाने खोल चिरा पाडून त्यांत रसायन भरले जाते आणि झाड वाळून जाते. व्यापाराच्या भाषेत, हे व्याजाऐवजी मुद्दल खाणे होय. आज गुग्गुळ अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे.

म्हणून वाचकहो, हृदयासाठी गुग्गुळ घेण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे, चालू औषध परस्पर थांबवू नये. आपल्यापैकी जे या मालाचा व्यापार करतात, त्यांनी तो लागवडीचा आहे की जंगलातला, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी.