नालबंदाच्या वंशातले

डिझेल पाण्यासारखं गोठत नाही. आधी ते गढुळतं, मग त्यातलं मेण फिल्टरला चिकटत जातं आणि इंजिन दोनदा खोकून गप्प बसतं. लेहच्या थंडीत पहाटे तो खोकला ऐकला, की आज हात कुठल्या गाडीत घालायचा ते कळायचं. उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारं डिझेल लडाखमध्ये आलं ते २०१९ च्या नोव्हेंबरात. आमच्या वेळी टाकीत रॉकेल मिसळायचं आणि चेंबरखाली शेगडी सरकवायची. शेगडी तेलासाठी, पण तिच्याभोवती आम्हीही उकिडवे बसायचो.

तिथलं लोखंड उघड्या बोटांना चिकटतं, आणि हातमोजा घातला तर लहान नट चिमटीत येत नाही. मग एक हातमोजा काढायचा, नट दोन आटे फिरवायचा, हात काखेत दाबायचा. पुन्हा दोन आटे. साडेअकरा हजार फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश, त्यामुळे चढावर इंजिनाला धाप लागायची आणि खाली वाकलेल्या मेकॅनिकलाही. उस्ताद म्हणायचे, ‘‘डोळे मीट आणि ऐक.’’ वाऱ्यात, जाड कानटोपीतून, टॅपेटची टकटक आणि बेअरिंगची घरघर वेगळी काढणं ही काय साधी गोष्ट आहे? जबलपूरच्या शक्तिमान ट्रकचा घोगरा सूर मला आजही झोपेत ओळखू येईल.

लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणारं आमचं खातं, ईएमई, १५ ऑक्टोबर १९४३ ला उभं राहिलं. पायदळाच्या बहुतेक पलटणींत शिपाई असतो, आमच्या ईएमईत तोच ‘क्राफ्ट्समन’. रायफल त्यालाही चालवावी लागते. पण गाडी ‘ऑफ रोड’ आहे, म्हणजे बंद पडली आहे, हे साहेबांना सांगताना जी लाज वाटते, ती नेम चुकल्यावर वाटत नाही.

काश्मीरच्या लढाईत १ नोव्हेंबर १९४८ ला झोजी खिंडीत आपले रणगाडे चढले. इतक्या उंचीवर ते येतील, असं शत्रूच्या स्वप्नातही नव्हतं. जनरल थिमय्यांचं नाव तिथे घेतलं जातं, आणि ते घ्यायलाच हवं. वाट खोदणाऱ्या मद्रास सॅपर्सचंही कौतुक होतं. पण ते स्टुअर्ट रणगाडे वाटेतल्या पुलांना पेलावेत आणि कुणाला सुगावा लागू नये, म्हणून त्यांचे टरेट आधी उतरवले होते आणि खिंडीच्या पायथ्याशी, बालटालला, परत बसवले. एवढं जड काम त्या थंडीत पान्यांनी आणि साखळ्यांनी ज्यांनी केलं, त्यांची नावं मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाहीत.

याचं मला फारसं नवल वाटत नाही. मराठ्यांच्या घोडदौडीवर पोवाडे रचले गेले, पण त्या घोड्यांना नाल ठोकणाऱ्या नालबंदावर रचलेला पोवाडा माझ्या तरी ऐकण्यात नाही. आम्ही त्याच्याच वंशातले. गाडी चालली तर ड्रायव्हर हुशार, बंद पडली तर मेकॅनिक कुठाय!

एक सांगतो. हायवेवर लष्कराचा ताफा भेटला, की लोक पुढच्या गाड्यांकडे पाहून हात हलवतात, आणि मग मागच्यांना हॉर्न मारत, मध्येच घुसून पुढे काढतात. ताफ्याच्या शेपटाला दुरुस्तीची गाडी असते. वाटेत कुणी बंद पडलं, तर तिथे थांबायचं काम तिचं. तिच्यातल्या पोरांचं जेवण बहुतेक वेळा राहिलेलं असतं. तिला तेवढी वाट द्या.