निजलेले बी

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर हे तालुक्याचे गाव. नावात समुद्र असला, तरी खरा समुद्र तेथून शेकडो मैल दूर आहे. सभोवती पसरली आहे ती काळी, कसदार जमीन. वैशाखात ही जमीन उन्हाने भेगाळते. शेते उजाड दिसू लागतात. अशा वेळी शेतकऱ्याच्या घरात एका कोपऱ्यात, लाकडी फळ्यांवर, सोयाबीनच्या बियाण्याची पोती जपून ठेवलेली असतात. ती भिंतीला टेकू दिलेली नसतात. त्यांची उंच थप्पीही रचलेली नसते. मुले तेथे खेळू लागली, की आजी बजावते, “पोट्टेहो, त्याच्यावर चढू नोका. बी निजलं हाये.”

आजीच्या या साध्या बोलण्यात मोठे शास्त्र भरलेले आहे. निजलेला जीव हालचाल करीत नाही. परंतु त्याचा श्वास चालू असतो. बियाचेही तसेच आहे. ते अतिशय मंदपणे प्राणवायू घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि पोटात साठवलेले अन्न कणाकणाने खर्च करते.

सजीवाच्या शरीरात अखंड चालणाऱ्या या व्यवहाराला चयापचय म्हणतात. चय म्हणजे साठवण व बांधणी; अपचय म्हणजे मोडणी व खर्च. वासरू चारा खाते आणि त्यातून त्याचे हाड-मांस वाढते, हा चय. तेच वासरू उड्या मारते, तेव्हा अन्नाचे विघटन होऊन त्याला शक्ती मिळते, हा अपचय. हा जमाखर्च ज्या क्षणी कायमचा थांबतो, त्या क्षणी जीवनही थांबते.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये लव्हाझिये व लाप्लास या शास्त्रज्ञांनी एक सुंदर प्रयोग केला. गिनीपिग नावाचा एक लहान प्राणी त्यांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला, ते मोजले. श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलनच आहे, असे त्यांनी अनुमान काढले. या ज्वलनात ज्वाला नसते, धूर नसतो. तरीही ऊब असते.

हे ज्वलन केवळ प्राण्यांतच चालते असे नाही. डॉ. कमला सोहोनी या मराठी विदुषींनी केंब्रिज विद्यापीठात बटाट्यावर संशोधन केले. पेशीच्या श्वसनाला आवश्यक असलेले ‘सायटोक्रोम सी’ हे लोहयुक्त प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी दाखवून दिले. या कार्याबद्दल १९३९ मध्ये त्यांना पीएच. डी. ही पदवी मिळाली. माणूस, बैल, बटाटा आणि सोयाबीनचा दाणा यांची रूपे किती निराळी! परंतु त्यांच्या पेशींतील श्वासाची रीत मुळात एकच आहे.

हे जाणले, म्हणजे पोत्याची एवढी काळजी का घ्यायची, ते उमगते. बियाला ओल लागली, की त्याचा श्वास वाढतो. श्वासाबरोबर उष्णता वाढते, बुरशी धरते आणि अंकुरासाठी राखलेले अन्न आधीच संपू लागते. म्हणून सोयाबीनच्या बियाण्यातील ओलावा १२ टक्क्यांहून अधिक असू नये, असे कृषितज्ज्ञ सांगतात. अशा ओलसर पोत्यातील दाणे वरून धड दिसतात; परंतु पेरल्यावर उगवत नाहीत. मग दुबार पेरणीचा खर्च येतो आणि साऱ्या घराचे वर्ष अडचणीत सापडते.

यासाठी जाणता शेतकरी पेरणीपूर्वी बियाची परीक्षा घेतो. तो १०० दाणे मोजतो, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडतो, गोणपाटाची गुंडाळी करतो आणि ते ओले राखतो. काही दिवसांनी निदान ७० दाण्यांना चांगले कोंब आले, तर बियाणे पेरण्यास योग्य समजतो. त्याहून कमी आले, तर एकरी अधिक बियाणे वापरावे लागते.

मग मृगाचा पाऊस येतो. ओल्या मातीत पडलेले बी पाणी पिऊन फुगते. साठ्यातील प्रथिने व तेल भराभर मोडू लागतात आणि त्यांतूनच मूळ व कोंब घडू लागतात. मोडणी आणि बांधणी एकाच दाण्यात, एकाच वेळी! थोड्याच दिवसांत दोन जाड दले मातीबाहेर डोके काढतात. कोवळ्या रोपाला आपल्याजवळचे सारे देऊन ती पिवळी पडतात, सुरकुततात आणि गळून जातात. तोवर वरची पाने सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करू लागलेली असतात. बियाची शिदोरी संपते. रोपाची कमाई सुरू होते.