भाताची खळ आणि रसीनचं यंत्र

पुणे

चि. ओंकारास,

काल फोनवर म्हणालास, "मावशी, डिस्पोजर फिरतोय पण पाणी जात नाही, सिंक अर्धं भरलंय." इतकं नेमकं सांगितलंस ते बरं केलंस, कारण दुखणं कुठे आहे ते त्यातच कळतं. यंत्र नुसतं घुमलं आणि फिरलं नाही, तर आत चमचा किंवा कोय अडकलेली असते. आवाजच आला नाही, तर मोटर तापून बंद पडलेली असते. जरा निवू द्यायची आणि तळाचं लाल बटण दाबायचं. तुझं यंत्र ठणठणीत आहे. तुंबलाय तो त्याच्या पुढचा पाइप. मित्रांना जेवायला बोलावलंस आणि बटाट्याची सालं नि उरलेला भात एकदम आत लोटलास, तिथे घोटाळा झाला.

सिंकखाली बसून खरकटं बारीक करणारं हे यंत्र तुझ्या मिल्वॉकीच्या अगदी शेजारचं आहे, ठाऊक आहे का? मिशिगन सरोवराच्या काठाने दक्षिणेला गेलं की रसीन लागतं. तिथे जॉन हॅम्स नावाचे वास्तुविशारद होते. बायकोचं ओट्यापाशी आवरायचं काम हलकं व्हावं म्हणून १९२७ मध्ये त्यांनी हे बनवलं, असं सांगतात. पेटंट मिळालं १९३५ मध्ये, आणि 'इन-सिंक-इरेटर' कंपनी निघाली १९३८ मध्ये. आम्ही तिकडे राहायचो तेव्हा शेजारीपाजारी रसीनचं नाव मोठ्या अभिमानाने घ्यायचे, आणि मला तो अभिमान पटायचा.

आत धारदार पाती असतात असं पुष्कळांना वाटतं. तसं काही नाही. तळाशी एक तबकडी असते आणि तिच्यावर दोन बोथट, सैल बसवलेले धातूचे तुकडे. तबकडी मिनिटाला सतराशेहून जास्त फेरे घेते, खरकटं कडेला फेकलं जातं, आणि तिथल्या खाचा पाडलेल्या पक्क्या कड्यावर घासून त्याचा भुगा होतो. तो वाहून न्यायचं काम मात्र पाण्याचं. यंत्र बारीक करतं, पुढे नेत नाही. एवढं लक्षात ठेवलंस तर अर्धी दुरुस्ती झालीच.

आता भात बघ. लहानपणी भाताच्या खळीने पतंग चिकटवायचास ना? शितं आणि बटाट्याची सालं वाटली गेली की तीच खळ तयार होते, आणि ती सिंकखालच्या वाकड्या पाइपात जाऊन बसते. त्या बाकात मुद्दामच पाणी साठून राहतं, म्हणजे गटाराची घाण हवा घरात येत नाही. पण वाहतं पाणी कमी पडलं की गाळ तिथेच थांबतो. त्यात कांद्याची टरफलं, कोथिंबिरीच्या काड्या, शेवग्याचा चोथा यांचे धागे गुंतले की बोळा पक्का. फोडणीचं तेल तर आत सोडूच नकोस. कागदाने पुसून कचऱ्यात टाक. आणि डिस्पोजर चालवताना नळ गारच ठेव. गरम पाण्याने तूप-तेल पातळ होऊन पुढे जातं आणि लांब कुठेतरी थिजतं, जिथे तुझा हात पोचणार नाही.

आता तुंबलेलं कसं मोकळं करायचं ते सांगते. आधी बटण बंद कर आणि प्लगही काढ. आत हात घालायचा नाही. डिशवॉशरची नळी डिस्पोजरला जोडलेली असेल, ती चिमट्याने आवळून धर, नाहीतर घाण पाणी उलटं भांड्यांत शिरेल. शेजारच्या सिंकचं भोक ओल्या फडक्याने घट्ट दाबून प्लंजर मार. नाहीच निघालं तर खाली बादली ठेव, हातमोजे घाल आणि बाकाचे दोन मोठे नट डावीकडे फिरवून सोड. बहुतेक प्लॅस्टिकचे असतात, हातानेच सुटतात. आतला पांढरट, चिकट गोळा काढ, बाक घासून घे, वॉशर होते तसेच बसव. पाइप साफ करायचं रसायन मुळीच ओतू नकोस. ते बाकात साचून राहतं आणि नट सोडताना अंगावर उडतं.

हा भुगा पुढे गटारात जातो, म्हणून न्यूयॉर्कच्या बऱ्याच भागात १९९७ पर्यंत डिस्पोजरवर बंदी होती. तिथे पावसाचं आणि घरातलं पाणी एकाच गटारातून जातं, त्यावर हा बोजा नको म्हणून. तुझ्या गावाने मात्र सांडपाण्याचं सोनं केलंय. जोन्स आयलंडच्या केंद्रात त्यातला गाळ वाळवून १९२६ पासून 'मिलोर्गनाइट' खत करतात. सवड काढून बघून ये. तुझ्या सिंकातून गेलेल्या भुग्याचंही त्यात काही ना काही असणार, आणि मला ही व्यवस्था फार आवडते.

आता पुन्हा तुझ्या पाइपाकडे. नट बसवल्यावर नळ पूर्ण सोड आणि खाली कोरडा कागद धर. कागद भिजला तर नट अजून पाव फेरा आवळ; जोर मात्र करू नकोस, आटे जातात. भाड्याचं घर आहे, तेव्हा मालकाला आधी एक मेसेज कर. झालं की फोन कर, आईलाही काळजी लागून राहिली आहे.

तुझी,
मावशी